सहाव्या पानावरचे चाचा

मेल आला तेव्हा मी डबा उघडून बसले होते. भाकरी आणि गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडीची भाजी. एका झेक मासिकाच्या संपादक बाईंचा मेल होता. हे मासिक जगभरातल्या चित्रकथा झेक भाषेत छापतं आणि त्यातल्या अक्षरांचं काम बरीच वर्षं आमच्या काचीगुड्याच्या ऑफिसात होतं. बाईंनी लिहिलं होतं की आता एक खास अंक निघतोय, मासिकाच्या स्वतःच्या इतिहासाचा. तो इतिहासही चित्रकथेतच. आठ पानं, आठ चित्रकार. पानं सोबत जोडलेली होती, आणि खाली एक ओळ होती: ‘सहावं पान तुमच्याबद्दल आहे.’

घास हातातच राहिला. आमच्याबद्दल म्हणजे कशाबद्दल ते मला लगेच कळलं. लक्षात राहावी अशी एकच गोष्ट आमच्या ऑफिसने त्या मासिकात केली होती, आणि ती चूक होती. ज्यांच्या हातून ती झाली ते आमचे चाचा त्या आठवड्यात जे उठून गेले, ते पुन्हा ऑफिसची पायरी चढले नव्हते.

पुढचं सांगायच्या आधी आमचं काम काय ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या मावशीलाही ते अजून समजलेलं नाही. ती नांदेडला सगळ्यांना सांगते, “पोरगी हैदराबादेत फुगे भरती.” ऐकणाऱ्यांना वाटतं, जत्रेत.

चित्रकथेतला माणूस बोलतो तेव्हा त्याच्या तोंडापाशी पांढरा फुगा असतो ना, त्यात शब्द बसवणं हे आमचं काम. चित्रं फ्रान्सहून येवोत, जपानहून, नाहीतर अर्जेंटिनाहून, आमच्याकडे येतात तेव्हा फुगे रिकामे असतात. झेक मजकूर वेगळ्या फाईलमध्ये ओळीने येतो, पहिला फुगा, दुसरा, तिसरा असा. पानावरच्या कुठल्या फुग्याला पहिला म्हणायचं ते आम्ही ठरवायचं. त्यासाठी पान छापून घ्यायचं आणि फुग्याफुग्यावर पेन्सिलीने आकडे टाकायचे. मग त्या आकड्यांप्रमाणे मजकूर भरायचा. झेक आमच्यात कुणालाच येत नाही. मालकांना नाही, मला नाही, चाचांना तर नाहीच. येत नसलेल्या भाषेत काम करणं अवघड नाही का, असं लोक विचारतात. मी म्हणते, इंग्रजीत बी.ए. केलं तेव्हा तरी काय येत होती? झालेच की पास.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी संधी मिळेल तिथे सांगते, इथेही सांगून टाकलं. बा रेल्वेत डबे धुवायचा. काचीगुडा स्टेशनच्या यार्डात उभ्या राहिलेल्या गाड्या आतून-बाहेरून साफ करायच्या, हे त्याचं आयुष्यभराचं काम. प्रवासी डब्यात पेपर, मासिकं, पोरांची चित्रांची पुस्तकं टाकून जायचे. त्यातलं चांगलं, न भिजलेलं बा घरी आणायचा. तेलुगू, बंगाली, हिंदी, जे हाताला लागेल ते. त्याला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, पण बंगाली कुठलं यायला! मग बा पुस्तक मांडीवर घ्यायचा आणि चित्र बघून सगळ्यांचं बोलणं आमच्या मराठीत बोलायचा. राजा आमच्या मुकादमासारखा बोलायचा, राक्षस स्टेशन मास्तरसारखा. मी शाळेत वाचायला शिकले, पण गोष्ट ऐकायला शिकले ती त्याच्याकडून.

बी.ए. झाले. मोठा फोटो काढला, बाने तो दारासमोरच्या भिंतीवर लावला, येणाऱ्याला आधी तो दिसावा म्हणून. पण नुसत्या बी.ए.ला नोकरी कोण देतो? टायपिंग येतं म्हणून मी काचीगुड्यात त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात गेले. मालक तेलुगू, सगळे त्यांना सार म्हणतात. सारांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं आणि म्हणाले, “चाचा हौ बोले तो रखते.”

चाचा म्हणजे उंच, किडकिडीत माणूस. पांढरा कुर्ता, काळं जाकीट, डोक्यावर करड्या लोकरीची टोपी, मे महिन्यातसुद्धा. पूर्वी ते एका उर्दू दैनिकात कातिब होते. तेव्हा उर्दू पेपर टाईप लावून निघत नसे. अख्खा पेपर हे लोक बोरूने हाताने लिहायचे आणि त्यावरून छापायचे. कॉम्प्युटर आला आणि कातिबांचं काम गेलं. चाचांनी उतारवयात कॉम्प्युटर शिकून घेतला, पण त्याला ते शेवटपर्यंत ‘ये डब्बा’च म्हणत.

“पढ़े कित्ता?” त्यांनी विचारलं.

“बी.ए. पास,” मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन, कारण त्या दिवसापासून माझं नाव तेच पडलं.

“तो बीए पास, ये देखो.” त्यांनी कागदावर एक फुगा काढून दिला आणि पेपरमधल्या पाचसहा ओळी कापून दिल्या. “इसमें भरो. एक लफ़्ज़ काटना नक्को.”

मी भरल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. “गुब्बारा पेट है जी. भूका रैना नक्को, बदहज़मी होना भी नक्को. तुम तो इसको शादी का खाना खिला दिये.” मग कात्री घेऊन बसले आणि ओळी कुठे तोडायच्या, वरची ओळ लहान, मधली मोठी, खालची पुन्हा लहान कशी, ते दाखवलं. सारांना ओरडून सांगितलं, “रख लो साब. हाथ कच्चा है, आँख पक्की है.”

मला त्या दिवशी जे मिळालं त्याला नोकरी म्हणणं कमीच आहे. बाच्या पगारावर आम्ही पाचजण होतो. पण पैशांपेक्षा मोठं होतं ते हे, की मला कुणी काम शिकवलं. वर्गात शेवटच्या बाकावर बसून पास झालेल्या मुलीला पहिल्यांदा कुणी शेजारी बसवून घेतलं होतं. कुठल्या गावच्या, कुठल्या लोकांच्या, हे चाचांनी कधी विचारलं नाही. माझ्या डब्यातली भाकरी ते हक्काने घ्यायचे आणि त्यांच्या डब्यातलं चिंचेचं खट्टं मला द्यायचे.

झेक अक्षरांवर चाचांचा जीव होता. त्यातल्या काही अक्षरांच्या डोक्यावर उलटी टोपी असते, काहींवर तिरकी रेघ, एकावर बारीकसं वर्तुळ. “ये तो हमारे ज़ेर-ज़बर के भाई हैं,” म्हणायचे, म्हणजे उर्दूत अक्षरांच्या वर-खाली बारीक खुणा असतात त्यांचे. एखाद्या अक्षराची टोपी जरा सरकलेली दिसली की अख्खं पान मोठं करून दुरुस्त करायचे. सार दारातून विचारायचे, “चाचा, अयिपोयिंदा?” झालं का? आणि चाचा मान वर न करता म्हणायचे, “होरा साब, होरा.” काम उद्या संपणार असो की आत्ता या क्षणी संपलेलं असो, उत्तर तेच. हो किंवा नाही असं सरळ उत्तर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

आता ती चूक.

एका अंकात एक जपानी कथा होती. जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचतात आणि ते मासिक तशीच छापतं. चाचांनी उजवीकडून आकडे टाकले, बरोबर टाकले. चाळीसेक पानं. आयुष्यभर उर्दू लिहिलेल्या माणसाला उजवीकडून जाणं म्हणजे आपल्या गल्लीतून जाणं. त्यानंतर लगेच एक अर्जेंटिनाची कथा होती, डावीकडून वाचायची. चाचांचा हात एकदा घरी गेला तो परत यायचं विसरला. त्यांनी तीही उजवीकडून मोजली. त्या आकड्यांवर मी मजकूर बसवला, तपासायला तिकडे गेला, आणि अंक छापून बाजारात आला.

त्या कथेत एक बाई आणि एक पुरुष रात्रीच्या गाडीत समोरासमोर बसून बोलतात, एवढंच होतं. आमच्या कृपेने बाईचं बोलणं पुरुषाच्या तोंडी गेलं, पुरुषाचं बाईच्या, आणि प्रत्येक उत्तर प्रश्नाच्या आधी आलं. कथा मुळातच जरा वेगळ्या डोक्याची होती, म्हणून तपासणाऱ्यालाही वाटलं की लेखकाने मुद्दामच असं केलंय.

चूक कळल्यावर संपादक बाईंनी मेल केला. मेल शांत होता, शिवी नाही, धमकी नाही. असं असं झालंय, पुढे काळजी घ्यावी. सारांनी तो वाचून दाखवला. चाचांनी ऐकलं. मग ड्रॉवरमधले बोरू काढले, रुमालात गुंडाळले.

“चाचा, ये क्या?” सार म्हणाले. “मैं कुछ बोला क्या?”

“तुम नै बोले साब. हाथ बोल दिया. इस हाथ पे अब मेरेकूच भरोसा नै.”

गेले ते गेले. सार दोनदा मलकपेठला त्यांच्या घरी जाऊन आले, उपयोग झाला नाही. मी दर ईदला जायचे. चाची शीरखुर्मा द्यायची. चाचा माझ्या बाची चौकशी करायचे, आम्ही पुढे बरकतपुऱ्यात भाड्याने घेतलेल्या घराला पाणी येतं का ते विचारायचे. मी ऑफिसचा ‘ऑ’ काढला की टीव्हीचा आवाज वाढवायचे. एकदा चाचीने आत बोलावून हळूच सांगितलं की साधी किराण्याची यादी लिहायची म्हटली तरी ते शेजारच्या मुलीला बोलावतात, स्वतः लिहीत नाहीत. ते ऐकून मी त्या दिवशी चालतच घरी आले.

म्हणून त्या सहाव्या पानाची मला भीती वाटली. त्या देशात माझ्या गुरूची कुणी टिंगल करणार असेल, तर ती फुग्यात भरणार होते मी. माझ्याच हाताने.

मी आठही पानं उघडली. शब्द नव्हते, पण माझं लहानपण सगळं असल्याच गोष्टी बघण्यात गेलेलं. पहिल्या पानावर एक स्वयंपाकघर होतं. टेबलाभोवती पाचसहा मुलं, मधोमध एकच परदेशी चित्रकथा, इतकी हाताळलेली की पानं लोंबत होती. एक मुलगा बोट ठेवून बाकीच्यांना काहीतरी सांगतोय आणि एक मुलगी चिठ्ठ्या लिहून फुग्यांवर चिकटवतेय. याबद्दल संपादक बाईंनी मला पूर्वी एकदा लिहिलं होतं. जुन्या सरकारच्या काळात तिकडे परदेशी चित्रकथा सहज मिळत नसत. एखादी मिळाली की घरोघर फिरायची. भाषा कुणाला धड येत नसे. अर्धं वाचायचं, अर्धं मनाने बोलायचं. पुढे सरकार बदललं आणि त्याच मुलांनी मोठं होऊन हे मासिक काढलं.

ते स्वयंपाकघर बघताना मला बाची मांडी आठवली. इतकी दूरची माणसं, कुठलं त्यांचं थंड गाव, कुठलं आमचं यार्डामागचं घर, आणि दोन्हीकडे कुणीतरी न वाचता येणारं पुस्तक मुलांना मोठ्याने वाचून दाखवत होतं. मी त्या मासिकाच्या इतिहासात नोकरीमुळे आले असं मला तोपर्यंत वाटायचं. त्या दिवसापासून वाटत नाही.

दुसऱ्या पानावर जेवणाच्या टेबलावर पहिल्या अंकाच्या घड्या घालणं चाललं होतं. स्वस्त कागद, काळी शाई, सगळ्यांची बोटं काळी. मग परदेशातून पार्सलं येऊ लागली, रंग आला, स्टेशनवरच्या टपऱ्यांवर अंक टांगलेले दिसू लागले. सातवं पान उदास होतं. टपरीवर अंक तसेच पडलेले, समोरून जाणारा प्रत्येकजण मोबाईलमध्ये. ऑफिसच्या दारावर एक कागद लावलेला. मधे काही काळ मासिक बंद होतं हे मला माहीत होतं, कारण तेव्हा आम्हीही लग्नपत्रिका करून दिवस काढले होते. आठव्यावर ते परत सुरू झालेलं, आता जाडजूड, वर्षातून थोडेच अंक, आणि ते विकत घेणारे म्हणजे पूर्वीचे वाचक, आपापल्या मुलांचं बोट धरून आलेले.

आणि मधलं ते सहावं. पत्रांचा ढीग. दारू प्यायच्या ठिकाणी माणसं हातवारे करून भांडतायत. एक बाई डोकं धरून बसलीय. आणि शेवटी एक माणूस, टेबलाशी, पेन्सिल घेऊन. डोक्यावर हा एवढा फेटा. खिडकीबाहेर ताडाचं झाड आणि त्याखाली हत्ती.

मी मजकुराची फाईल मशीनवर टाकून भाषांतर काढलं. काही वाक्यं कळली, काहींचा अर्थच लागेना. एक वाक्य ‘आमचा मूर्ख’ असं काहीतरी निघालं आणि माझं डोकं तापलं. मी सरळ बाईंना लिहिलं: हे पान मी भरायच्या आधी यात काय लिहिलंय ते मला सांगा. हा माणूस माझा गुरू आहे. त्याच्यावर हसायचं असेल तर अक्षरं दुसऱ्या कुणाकडून बसवून घ्या.

पाठवल्यावर सारांना दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “अम्मा, क्लायंट है वो. ऐसा लिखते क्या?”

“लिहिलं ना आता, सार.”

“बीए पास को रखे, मेरीच गलती,” म्हणाले आणि चहा सांगितला. दोन दिवस आम्ही दोघंही मेल उघडायला एकमेकांना पुढे करत होतो.

उत्तर आलं ते लांबलचक. बाईंनी पानाची ओळन् ओळ समजावून सांगितली होती. ‘आमचा मूर्खपणा’ असं ते वाक्य होतं, आणि मूर्ख म्हणजे ते स्वतः, तपासूनही ज्यांना कळलं नव्हतं ते. पत्रांचा ढीग म्हणजे त्या उलट्या कथेबद्दल वाचकांनी पाठवलेली पत्रं. दारूच्या टेबलावर दोन गट पडले होते. एक म्हणे, ही छापखान्याची चूक आहे. दुसरा म्हणे, इतकी चांगली कथा वर्षभरात आली नाही, आपण नेहमी उत्तर आधी तयार ठेवूनच तर प्रश्न ऐकतो. मासिकाने खुलासा छापला तरी दुसरा गट मानेना. त्या अंकाबद्दल लोक अजून बोलतात, बाईंनी लिहिलं होतं. टेबलाशी बसलेल्या माणसाच्या चित्राखालची ओळ अशी होती: ‘आमचे शब्द न कळताही इतकी वर्षं ज्याने ते नीट ठेवले, तो माणूस.’ त्याला एक आवाज विचारतो, झालं का? आणि तो म्हणतो, हो. अर्थात सवयीने डावीकडून वाचणाऱ्याला ‘हो’ आधी दिसणार. कारण हे पान उजवीकडून डावीकडे वाचायचं आहे, या वेळी मुद्दाम. वाचकांना बाण दाखवून तसं सांगणार होते.

शेवटी त्यांनी लिहिलं होतं, तुम्ही विचारलंत हे बरं केलंत.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सार म्हणाले, “रोती काइकू? अच्छाच बोले ना?” मी म्हणाले, अच्छंच आहे म्हणून.

पण मला अच्छं वाटून काय उपयोग? ज्यांच्याबद्दल होतं त्यांना ते मान म्हणून दिसेल की थट्टा म्हणून, हा प्रश्न तसाच होता. अंक छापून झाल्यावर दाखवला असता तर निदान बदलण्यासारखं काही उरलं नसतं, आणि सारांचा सल्ला तोच होता. मला ते पटेना. पान छापून घेतलं आणि रविवारी मलकपेठला गेले.

चाचा पलंगावर बसून रेडिओच्या सेलची पट्टी घासत होते. मी काही प्रस्तावना केली नाही. पान समोर ठेवलं आणि म्हणाले, “चाचा, हे तुम्ही.”

त्यांनी टीव्हीच्या रिमोटकडे हात नेला. मी रिमोट उचलून मागे धरला. चाची दारात उभी राहून बघत होती.

“एक बार देखो. फिर जो बोलना वो बोलो.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांपाशी नेलं आणि पुष्कळ वेळ बघत राहिले. मी ओळीमागून ओळ सांगत गेले, पत्रं, भांडण, बाईंनी धरलेलं डोकं. ‘ज्याने ते नीट ठेवले, तो माणूस’ ही ओळ सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा हलला नाही.

मग म्हणाले, “ये सिर पे क्या है?”

“फेटा.”

“मैं क्या बैंडवाला हूँ?”

चाचीने तोंडाला पदर लावला.

“और ये हाथी! काचीगुड़े में स्कूटर खड़ा करने कू जगा नै, हाथी कहाँ बाँधे मैं? सेकंड फ्लोर पे?” आता ते उभेच राहिले. “और ये ताड़ का झाड़ किस का है? खिड़की में से ट्रांसफॉर्मर दिखता था, ट्रांसफॉर्मर! इत्ते साल काम किये इनका, एक फोटू नै मँगा सकते थे?”

“सांगते त्यांना.”

“और मेरे मुँह में क्या डाले?”

“हो, असं. झालं का विचारल्यावर.”

चाचांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तो फुगा मीच भरला होता. “मैं हौ बोला कभी?”

“नाही.”

“तो झूट काइकू छापना?”

परतताना बसमध्ये मी एकटीच हसत होते. माणूस रागावला होता, पण ज्या ऑफिसचं नाव काढू देत नव्हता त्याच ऑफिसच्या खिडकीतून काय दिसायचं यावर रागावला होता. मी त्याच संध्याकाळी बाईंना लिहिलं. फेट्याऐवजी लोकरी टोपी, फोटो जोडला आहे. हत्ती काढावा. ताडाऐवजी ट्रान्सफॉर्मर. आणि ते ‘हो’ म्हणत नाहीत, ‘होतंय’ म्हणतात.

बाईंनी चित्रकाराच्या वतीने माफी मागितली. चित्रकार पुन्हा काढायला तयार होता, फक्त ट्रान्सफॉर्मर म्हणजे नक्की कसा दिसतो त्याचाही फोटो हवा होता. आणि त्यांनी एक गोष्ट विचारली: तो शेवटचा फुगा आम्ही रिकामा ठेवला, तर त्यात ते स्वतः, स्वतःच्या लिपीत लिहितील का? खाली झेकमध्ये बारीक अर्थ देऊ.

मी हे चाचांना फोनवर सांगितलं.

“हाथ काँपता,” ते म्हणाले.

“कापू दे. एकच ओळ आहे.”

“एक लकीर भी काँपी तो दिखती, बेटी. दुनिया देखती.”

बेटी ते क्वचित म्हणायचे. मी विषय तिथेच सोडला. त्या वेळी आग्रह केला असता तर त्यांनी फोन ठेवला असता. बाईंना लिहिलं, विचार करतायत. बाईंनी लिहिलं, अंकाला अजून वेळ आहे.

मग एका सकाळी ऑफिसच्या जिन्यावर खोकल्याचा आवाज आला. मी मान वर करून बघते तर काळं जाकीट, लोकरी टोपी, हातात रुमालाची गुंडाळी. सार खुर्चीतून उठले. चाचांनी हात वर करून त्यांना थांबवलं, गळाभेट वगैरे नको म्हणून.

“घर में उजाला ठीक नै,” म्हणाले. “इस वास्ते आया.”

खिडकीशी टेबल ओढून दिलं. त्यांनी बोरू काढला, टोक घासलं, दौत उघडली. पहिला कागद बोरूच्या टोकाने फाटला, फेकला. दुसऱ्यावर अक्षर कललं, फेकला. सार श्वास रोखून उभे होते, चाचा म्हणाले, “साब, सिर पे खड़े रहे तो मैं आपको लिख देतूं.” सार बाहेर गेले. पुष्कळ कागद गेले. मी माझ्या मशीनवर काम करत असल्यासारखं दाखवत होते आणि एकही फुगा भरत नव्हते.

शेवटी एक कागद त्यांनी उचलून उजेडात धरला. ‘हो रहा है’. ‘होरा’ का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, बोलणं बोलणं असतं, छापतो ती साफ ज़बान असते. ओळ थोडी थरथरली होती. त्यांनी ती बघितली, मला दाखवली, आणि म्हणाले, “काँपी है.”

“हो,” मी म्हणाले. “तुमची आहे असं कळतं.”

“तुम्हारा बा बोलता ऐसा मीठा?”

“बा याहून कडू बोलतो.”

मी कागद स्कॅन केला, फुग्यात बसवला, पडद्यावर मोठा करून दाखवला. नव्या चित्रात टोपी होती, ट्रान्सफॉर्मर होता. उजवीकडून एकेक चित्र बघत त्यांनी पान संपवलं, पुन्हा बघितलं. ठीक है, म्हणाले. एवढंच. मी पान पाठवून दिलं.

बोरू रुमालात गेले. चाचा उठले, पण निघाले नाहीत. शेजारच्या टेबलावर मी त्याच अंकाचं पहिलं पान छापून ठेवलं होतं, स्वयंपाकघराचं, अजून आकडे न टाकलेलं. त्यांनी ते सरळ केलं. मुलं बघितली, चिठ्ठ्या लिहिणारी मुलगी बघितली. माझ्या पेन्सिलींच्या डब्यातून एक पेन्सिल घेतली.

पूर्वी त्यांनी कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं. “ये किदर से पढ़ते?”

“डावीकडून, चाचा.”

“पक्का?”

“पक्का.”

ते बसले, चष्मा कपाळावर चढवला, आणि डावीकडच्या वरच्या फुग्यावर एक लिहिलं.